कप कुठं ठेवू

जेवणानंतर आपण नुसते आडवे होतो, झोपत नाही, असं त्र्यंबकराव नेने गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. हे वाक्य ते आडवे होऊनच सांगतात, आणि बहुतेक दिवशी 'नाही'पर्यंत पोचत नाहीत.

आज मात्र खरंच झोप येत नाहीये. डोक्यावर पंखा कुरकुरतो आहे. खिडकीबाहेर कुणाची तरी म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी आहे आणि तिच्यामागे एक टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला आहे. कोल्हापुरात म्हशीला हॉर्न वाजवायचा नसतो, खाली उतरून तिची समजूत काढायची असते. ज्याला हे ठाऊक नाही तो ड्रायव्हर पुण्याचा असणार, असा निकाल त्र्यंबकराव पडल्या पडल्या देऊन टाकतात. त्यांच्या पोटावर चित्रकलेचा एक जाड, कोरा कागद आहे. पोट वर होतं तसा कागद वर होतो, पोट खाली गेलं की खाली जातो. तो कागद हीच आजची अडचण आहे.

त्र्यंबकरावांनी आयुष्यात दोन प्रकारचं लिहिलं. मोठ्या माणसांसाठी वर्तमानपत्रात तिरकस लिहिलं, ते मोठी माणसं दुसऱ्या दिवशी विसरली. आणि लहान मुलांसाठी सगुणा म्हशीची पुस्तकं लिहिली, ती मात्र कुणी विसरायलाच तयार नाही. परवा बँकेत पुरतं टक्कल पडलेला एक साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला, त्यांचा हात हातात घेतला आणि तब्येत विचारली. सगुणाची.

सगुणा ही पाण्याला घाबरणारी म्हैस. ती खुर्चीवर बसते, एकाच काचेचा चष्मा लावते, आणि आंघोळीचा विषय निघाला की तिला तातडीनं मावशीकडे जायचं असतं. तिच्या शेजारी रावसाहेब नावाचा कोंबडा राहतो. त्याला सकाळी जाग येत नाही. आणि एक शेळी आहे, ती पुस्तकाच्या अगदी शेवटी येते आणि तात्पर्य खाते. त्याचं असं झालं की, पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी हट्टच धरला, मुलांचं पुस्तक आहे, शेवटी तात्पर्य पाहिजे. त्र्यंबकरावांनी मुकाट्यानं लिहून दिलं. सर्जेरावांनी मुकाट्यानं त्याच्यावर शेळी काढली. छापून आलं तेव्हा 'तात्पर्य : मुलांनो, नेहमी' एवढंच शिल्लक होतं. बाकीचं तिच्या तोंडात.

सर्जेराव मोहिते म्हणजे या सगळ्या जनावरांचे जन्मदाते. हायस्कुलात ड्रॉईंग मास्तर, दिवाळीच्या पाडव्याला अर्ध्या गल्लीतल्या म्हशींची शिंगं रंगवून देणारा माणूस, आणि त्र्यंबकरावांचा जन्माचा दोस्त. होळी झाली आणि सर्जेराव गेले. एरवी त्यांना कुठं जायचं म्हटलं की चप्पल सापडेपर्यंत संध्याकाळ व्हायची. या वेळी अनवाणीच निघाले.

दोघांची कामाची रीत जगाच्या उलटी होती. लेखकानं लिहायचं आणि चित्रकारानं त्यावर चित्र काढायचं, असं सगळीकडे चालतं. इथं आधी सर्जेराव चित्र काढायचे, काही न सांगता आणून पुढ्यात टाकायचे, आणि हे काय चाललंय याचा तपास करत करत त्र्यंबकरावांनी गोष्ट लिहायची. म्हैस झाडावर का चढली? ते तुझं तू बघ. अशी सगळी पुस्तकं झाली.

आणि प्रत्येक पुस्तकात चहाचा एक गोल डाग असायचा. पहिल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, छपाईला जायच्या आदल्या दिवशी, सर्जेरावांनी कप ठेवला आणि सगुणाच्या नेमक्या डोळ्यावर तपकिरी वर्तुळ उठलं. त्र्यंबकराव डोकं धरून बसले. सर्जेरावांनी वर्तुळाला एक दांडी काढली आणि म्हणाले, "झाला चष्मा." दुसरी काच काढायला वेळ नव्हता. तेव्हापासून दर पुस्तकात कुठंतरी खराखुरा चहाचा डाग. कुठं तो सायकलचं चाक होतो, कुठं चंद्र, कुठं विहिरीचा काठ. महाराष्ट्रातली पोरं गोष्ट नंतर वाचतात, आधी डाग शोधतात. त्र्यंबकराव मात्र शेवटपर्यंत तेच एक वाक्य म्हणत राहिले : "सर्जेराव, कागदावर नको."

आता सगुणाचं हे शेवटचं पुस्तक. सर्जेरावांची सगळी चित्रं झाली आहेत, एक शेवटचं पान राहिलं. बाकीच्या पानांवर त्र्यंबकरावांनी भिंग घेऊन शोधलं, डाग कुठंच नाही. म्हणजे तो शेवटच्या पानासाठी राखून ठेवला होता, आणि ते पान आत्ता त्र्यंबकरावांच्या पोटावर कोरं करकरीत वर-खाली होतंय.

पाच वाजता मृण्मयी येणार आहे. ती त्या तात्पर्यवाल्या प्रकाशकांची नात, आता प्रकाशन तीच बघते. मुलगी गुणी आहे. तिनं फोनवर सांगितलं, "काका, तुम्ही नुसत्या दोन ओळी द्या, आमच्याकडे एक नवा मुलगा आहे, तो चित्र काढेल. म्हणजे असं करू या का, सगुणा पोहायला शिकते, शर्यतीत पहिली येते, गळ्यात पदक?" त्र्यंबकराव म्हणाले, बघतो. दुसरं काही सुचलं नाही तर पाच वाजता ते पदकाला हो म्हणणार आहेत. शब्द आधी आणि चित्र नंतर, असं त्यांच्या हातून कधी झालेलंच नाही. आणि दुसरंही एक आहे, ते त्यांनी मृण्मयीलाच काय, बायकोलाही सांगितलेलं नाही. सर्जेरावांच्या शेवटच्या चित्रात सगुणा गळ्यापर्यंत पाण्यात आहे. चष्मा काढून तिनं रावसाहेबाकडे दिला आहे. पुढच्या पानावर काय असेल, या विचारापाशी आलं की त्र्यंबकरावांचं मन, आंघोळीचं नाव काढल्यावर सगुणा करते तसं, मावशीकडे निघून जातं.

पंखा कुरकुरतो. कागद वर जातो. टेम्पोचा हॉर्न आता विनवणीच्या सुरात वाजतो आहे. कागद खाली येतो. म्हैस बहुतेक टेम्पोत बसली.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

त्र्यंबकराव भिंतीकडे सरकतात. खाट वाकते. कडेला सर्जेराव बसलेले आहेत. अंगात तोच बाहीवर निळा डाग पडलेला सदरा, पायांत काही नाही, हातात चहाचा कप.

"झोपलायस व्हय?"

"नुसता आडवा झालोय."

"दिसतंय की. घोरणं रस्त्यापत्तोर ऐकू येतंय. मला वाटलं टेम्पो."

त्र्यंबकरावांना आनंद होतो, पण तो दाखवायची त्यांची सवय नाही. ते म्हणतात, "कसं आहे तिकडे?"

सर्जेराव विचार करतात. एक घोट घेतात. "चहा बरा हाय. गवती चहा घालत्यात. पण बशी देत न्हाईत."

"बशी नाही?"

"नुसता कप. मागितली तर म्हणतात, हितं लागत न्हाई." ते खोलीभर नजर फिरवतात. टेबलावर औषधं, खुर्चीवर धुतलेले कपडे, खिडकीच्या कट्ट्यावर ऊन. "हा कुठं ठेवू?"

"कागदावर नको," त्र्यंबकराव म्हणतात. सवयीनं तोंडातून निघून जातं.

"बरं," असं म्हणून सर्जेराव कप हातातच धरतात.

खाट जरा कडक लागते, कारण तो हायस्कुलातला शेवटचा बाक आहे. समोर काळा फळा. सर्जेराव फळ्याजवळ उभे, एका हातात खडू, दुसऱ्यात कप. "निसर्गचित्र," ते वर्गाला सांगतात. वर्ग मान खाली घालून कामाला लागतो. पहिल्या बाकावर दोन रेडकं आहेत, मधल्या रांगेत बदकं, आणि प्रत्येक जण दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली झोपडी काढतो आहे. रावसाहेब कोंबडा डोकं बाकावर टेकून झोपला आहे. त्याचे डोंगरसुद्धा आडवे झालेत.

"सर," त्र्यंबकराव हात वर करतात. आपल्या अंगात अर्धी चड्डी आहे हे त्यांच्या लक्षात येतं, पण इथं कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. "शेवटच्या पानावर काय आहे?"

"तुझं तू बघ."

"आयुष्यभर मीच बघतोय. एकदा तरी सांग."

"चित्र आधी, शब्द मग."

"चित्र तू काढलं नाहीस."

"काढायचंच व्हतं." सर्जेराव खडूनं कान खाजवतात. "दवाखान्यात पडल्या पडल्या काढणार व्हतो. म्हटलं, जरा चहा येऊ दे. त्यांनी म्हटलं, आधी सुई. मग म्हटलं, सुईनंतर चहा. तेवढ्यात उशीर झाला." ते कपात बघतात. "हा तोच. निघताना मी हट्टच धरला."

शेळी बाकांमधून चालत येते, त्र्यंबकरावांच्या हातातला कागद हुंगते आणि तोंड फिरवते. कोऱ्या कागदात तिला रस नाही.

"बघितलंस?" सर्जेराव म्हणतात. "तिला सुद्धा काय लिहिल्याबिगर खायला न्हाई. चल. दूध काढायची वेळ झाली."

दूधकट्ट्यावर गर्दी आहे. चौकात दिवे लागलेत की ऊन आहे, नक्की सांगता येत नाही. म्हशी ओळीनं उभ्या आहेत आणि माणसं धारोष्ण दुधासाठी थांबली आहेत. फक्त पितळी पेले म्हशींच्या हातात आहेत आणि रांगेत उभी राहून माणसंच लाजतायत. शिंगांना गुलाबी, हिरवे रंग, गळ्यात घुंगरू, कपाळावर मोरपीस. ओळीच्या शेवटी, एकटी खुर्चीवर बसलेली, ती सगुणा.

प्रत्यक्षात ती चित्रापेक्षा जाडी आहे. एका काचेतून ती त्र्यंबकरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळते.

"या," ती म्हणते. "तुम्हीच का ते, माझ्या तोंडी वाट्टेल ते घालणारे?"

"नमस्कार," त्र्यंबकराव म्हणतात.

"नमस्कार असू दे. हे काय आहे?" तिच्या गळ्यात लाल फितीचं पदक लोंबतं आहे. "आज सकाळपासून हे माझ्या गळ्यात आहे आणि कुणी घातलं ते कबूल करत नाही."

"ते अजून पक्कं नाही," त्र्यंबकराव म्हणतात. "पोहण्याची शर्यत. तुम्ही पहिल्या येता."

"शर्यत. कुणाबरोबर?"

मृण्मयीनं ते सांगितलेलं नव्हतं.

"माशांबरोबर?" सगुणा विचारते. "इतकी वर्षं मी पाण्याला पाय लावला नाही, आणि आता लावायचा तर घाई करायची? पुढं जायचं? कुणाच्या? हे बघा, मी कधी काही मागितलं नाही. चष्म्याची दुसरी काचसुद्धा मागितली नाही. पण घाईनं पाण्यात जाणारी म्हैस तुम्ही कुठं बघितली आहे का?"

"नाही," त्र्यंबकराव मान्य करतात. आयुष्य कोल्हापुरात गेलं, पण नाही बघितली.

"मग झालं तर."

शेळी येते, पदकाची फीत चावते, चावून झाल्यावर पदकही गिळते आणि शांतपणे निघून जाते. सगुणाला हायसं वाटतं. ती खुर्चीवरून उठते. खुर्चीलाही हायसं वाटतं.

"कुठं निघालात?" त्र्यंबकराव विचारतात, आणि विचारता विचारता पायांकडे बघतात, कारण कट्ट्याची फरशी ओली आहे. ती फरशी नाही, रंकाळ्याची पायरी आहे. पुढं सगळं पाणी, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं चमकणारं. दुधाची रांग तशीच पायरीवर उभी आहे, पेले हातात, आता बघ्यांची झाली आहे. रावसाहेब जागा झाला आहे. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

सगुणा चष्मा काढते. घडी करून रावसाहेबाच्या पंखात देते. "सांभाळ," ती म्हणते. "झोपलास तर त्याच्यावर झोपू नकोस."

एक पाय पाण्यात टाकते. थांबते. "गार आहे," ती सगळ्यांना कळवते. दुसरा पाय टाकते. पोटाला पाणी लागतं तेव्हा ती असा आवाज काढते की पलीकडच्या काठावरची बगळ्यांची रांग एकदम उडते आणि थोडा विचार करून परत बसते. मग पाठ. मग खांदे. मग गळा.

हे सगळं चित्रांत आहे. त्र्यंबकरावांना इथपर्यंतचं पाठ आहे. ते पाण्याकडे पाठ करून उभे राहतात आणि समोरच्या भिंतीवर लावलेली एका क्लासची जाहिरात वाचू लागतात.

"बघ की," सर्जेराव म्हणतात. ते पायरीवर मांडी घालून बसले आहेत. कप तसाच हातात.

"वाचतोय मी."

"काय वाचतोस? दहावीचे वर्ग? बसणार हाईस व्हय परीक्षेला?"

"सर्जेराव, मला नाही बघायचं."

"का?"

त्र्यंबकराव भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणतात, "लहान मुलांचं पुस्तक आहे. त्यांनी पान उलटलं आणि ती नसली तर?"

"तर नसली."

"असं कसं? रडतील ती."

"पोरं रडणार हाईत का तू?"

मागे पाणी हलल्याचा एक जाड, समाधानी आवाज येतो. डुब्ब. त्र्यंबकराव वळतात. न वळून इलाज नाही, मान आपोआपच वळते.

सगुणा नाही. पाण्यावर एक वर्तुळ आहे, ते हळूहळू मोठं होतंय.

"बुडाली," त्र्यंबकराव म्हणतात.

"कोण म्हणतं?"

"दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजे बुडाली व्हय?" सर्जेराव पाण्याकडे बघतात, वर्गातल्या पोराचं चित्र बघावं तसं, एक डोळा बारीक करून. "लेका नेन्या, म्हशीच्या गावात जलम काढलास. भर दुपारी कुठली म्हैस दिसती रं तुला? सगळ्या आत असत्यात. डुंबत असत्यात. तीबी डुंबतीया."

"मग वर कधी येणार?"

"का, तुझी बस हाय व्हय?" वर्तुळाची कड पायरीला येऊन लागते, इतकी हळू की आवाजही होत नाही. "जलमभर घाबरली ती. आता कुठं कळलंय बाईला, पाणी म्हंजे काय असतं. तिला बरं वाटाय लागलंय तिथं. कशाला लगबगीनं वर येईल? तुला बघायला? तुला तिनं बघितलाय."

रांगेतली माणसं हसतात. रावसाहेब चष्मा पंखात घट्ट धरून पाण्याकडे टक लावून आहे. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नाही, जबाबदारी आहे.

त्र्यंबकराव एक पायरी खाली येतात आणि सर्जेरावांच्या शेजारी बसतात. दोघं पाणी बघतात. पाण्याला आता कड नाही, पण मध्ये कुठंतरी खालून एक बुडबुडा येतो, फुटतो, आणि तो फुटतो तेव्हा कुणीतरी खाली मनसोक्त श्वास सोडल्यासारखं वाटतं.

"आणि तू?" त्र्यंबकराव विचारतात.

"मी काय?"

"बरं आहे ना?"

"सांगितलं न्हवं. चहा बरा हाय." सर्जेराव उजव्या हातातला कप डाव्या हातात घेतात, डाव्यातला परत उजव्यात. "फक्त हात दुखाय लागला. होळीपास्नं धरून बसलोय. कुठं ठेवू, सांग की."

त्र्यंबकराव इकडं तिकडं बघतात. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. कठड्यावर शेळी बसली आहे, तिच्या स्वाधीन काही करण्यात अर्थ नाही. मांडीवर ठेवावा तर सर्जेरावांची मांडी सदैव हलती, शाळेतल्या तक्रारीच तशा असायच्या. कोरडी, सपाट, बिनकामाची अशी एकच वस्तू आसपास आहे, आणि ती इतका वेळ त्यांच्याच हातात आहे.

ते कागद दोन्ही तळहातांवर ताटासारखा धरतात.

"ठेव," ते म्हणतात.

सर्जेराव भुवया उंचावतात. "कागदावर?"

"कागदावर."

"मग बोंबलशील."

"नाही बोंबलत."

"बघ हां. आत्तापत्तोर प्रत्येक बारीला बोंबललायस."

"सर्जेराव, ठेव रे बाबा. कुठंही ठेव. मधोमध ठेव."

सर्जेराव शेवटचा घोट घेतात. मग कप दोन्ही हातांनी धरून, शिंगाला रंग लावताना जसे जीभ बाहेर काढून वाकायचे तसे वाकून, कागदाची जागा निरखतात. थोडा डावीकडे. नाही, थोडा खाली. ठेवतात. कप गरम आहे. त्याची ऊब कागदातून तळहातांत उतरते, तळहातांतून मनगटात, आणि पाण्याच्या तळातून एक मोठा बुडबुडा वर येऊ लागतो, वर, वर, पंख्यासारखा कुरकुरत.

"अहो, उठा. पाच वाजायला आले."

कुमुदिनीबाई दारात उभ्या आहेत. खोलीत औषधं टेबलावर, धुतलेले कपडे खुर्चीवर. ऊन खिडकीच्या कट्ट्यावरून जमिनीवर उतरलं आहे. त्र्यंबकराव उताणे पडलेले आहेत आणि त्यांचे दोन्ही हात पोटावरचा कागद खालून धरून आहेत, ताटासारखा.

"मी नुसता आडवा..."

"हो, आडवे झाला होतात, घोरणारा टेम्पो होता." त्या जवळ येतात. वाकतात. मग त्यांचा आवाज बदलतो. "चहा केलात?"

"कुठला चहा?"

"हा कुठला म्हणजे? डॉक्टरांनी दोनच कप सांगितलेत. माझी पाठ फिरली की स्वयंपाकघरात जाता?"

त्र्यंबकराव मान उचलून कागदाकडे बघतात. कागदाच्या खालच्या भागात, जरा डावीकडे, एक ओलसर तपकिरी वर्तुळ आहे. अगदी पुरं गोल, फक्त एका जागी कड जराशी फाकली आहे, कप किंचित हलल्यासारखी.

बायकोसमोर गप्प बसणं म्हणजे कबुली, हे ठाऊक असूनही ते नुसते वर्तुळाकडे बघत राहतात.

कुमुदिनीबाई स्वयंपाकघरात जातात. भांडी हलल्याचे आवाज येतात. त्या परत येतात तेव्हा जरा गोंधळलेल्या आहेत. "कप सगळे पालथे आहेत. कोरडे आहेत. पातेलं घासलेलंच आहे." त्या कागद उचलतात, नाकाजवळ नेतात. "आणि गवती चहाचा वास येतोय. आपली कुंडी तर उन्हाळ्यातच वाळून गेली."

"हं," त्र्यंबकराव म्हणतात.

"हं काय? हे शेवटचं पान ना? आता मृण्मयीला काय दाखवणार, डाग?" पण कागद त्या खाली ठेवत नाहीत. हात लांब करून, चष्म्याच्या वरून बघतात. या घरात सगुणाची पुस्तकं चाळीस वर्षं सगळ्यांच्या आधी त्यांच्या हाताखालून गेली आहेत, त्यांना उगीच काही समजावून सांगावं लागत नाही. "पाणी आहे होय हे?"

"असावं."

"आणि सगुणा?"

त्र्यंबकराव उठून बसतात. ते मुद्दामच सहज विचारल्यासारखं विचारतात, "तूच सांग. कुठं असेल?"

"कुठं म्हणजे, आत असेल की," कुमुदिनीबाई म्हणतात. "या उन्हात वर येऊन तिनं करायचं काय?" आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवून चहा टाकायला निघून जातात.

त्र्यंबकराव उशीखालची पेन्सिल काढतात. कागदाच्या तळाशी, वर्तुळाला धक्का न लावता लिहितात : सगुणा पाण्यात गेली. मग? मग काही नाही. डुंबतेय.

खाली सवयीनं 'तात्पर्य' लिहून दोन टिंबं देतात. थोडी वाट बघतात. पुढं काही लिहिण्यासारखं नसतं, म्हणून तसंच ठेवतात. जिला खायचंय ती बघून घेईल.

दारावरची घंटा वाजते. "मृण्मयी आली वाटतं," आतून कुमुदिनीबाई म्हणतात.

"तिला सांग, पान झालं. त्या नव्या मुलाला दुसरं पुस्तक दे म्हणावं. पदकाचं दे."

कुमुदिनीबाई दार उघडायला जाता जाता त्यांच्यापुढं चहा ठेवतात. त्यांचा कप, त्यांची बशी. त्र्यंबकराव कप उचलतात, बशी निराळी करतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात आणि खाटेच्या कडेला, जिथं मघाशी गादी दबली होती तिथं, नेऊन ठेवतात.

"ती तिथं कशाला?" कुमुदिनीबाई थांबून विचारतात.

"असू दे," त्र्यंबकराव म्हणतात. "तिकडे देत नाहीत."